ढगीची पोटात ठेवलेली खूण

जीप दारात उभी होती आणि अण्णा, माझे वडील, गोठ्यातून बाहेर यायला तयार नव्हते. आई गेल्यावर त्यांना उदगीरकडच्या त्या गावात एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि बँकेनं मला तर कलकत्त्याला टाकलेलं. शेवटी आले ते ढगीला घेऊनच. ढगी म्हणजे आमची देवणी गाय. शेजारच्या माधवकाकांना ती तशीच द्यायची ठरली होती. पण आमच्या घरात जनावर नुसतं दावं हातात ठेवून देत नाहीत, त्याचं वर्णन सांगून देतात.

अण्णा देवणीचे पारखी. त्यांनी ढगीच्या पाठीवर हात ठेवला आणि सुरू केलं. "जात देवणी. अंगभर काळे ढग, म्हणजे शेवेरा. वानेरा न्हाई, तोंड काळं न्हाई. बाळंक्या न्हाई, पोटाखाली ठिपके न्हाईत. कपाळावर एकच भोवरा. पान्हा चोरते, पण लाथ मारीत न्हाई." माधवकाका मान डोलवत होते आणि मी घड्याळ बघत होतो. माझा स्वभावच उतावळा, तुम्ही गावकरी तो ओळखून आहातच.

जीपमध्ये अण्णा म्हणाले, "एक खूण पोटात ठिवलीय. समदं सांगितलं की जनावराची घराची ओढ तुटते."

मी हसलो. म्हटलं, मग ती रोज तुमच्या दारात येऊन उभी राहील.

"राहू दे की," ते म्हणाले.

कलकत्त्याच्या विमानतळाजवळ, डमडमला आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. डोक्यावरून विमानं जातात, तेवढा वेळ बोलणं थांबवायचं, हे अण्णा आठवड्यात शिकले. मग हळूहळू बोलायचेच थांबले. फक्त रोज संध्याकाळी उठायचे, फ्लॅटचं दार उघडायचे, उंबऱ्यात पाचेक मिनिटं उभे राहायचे. कुणाची तरी मान खाजवावी तशी हवेत बोटं हलवायचे आणि दार लावून घ्यायचे. माझी मुलगी सानिका नऊ वर्षांची, तिचं मराठी निम्मं बंगाली. ती विचारायची, "आजोबा, के एलो? कोण आलं?"

"ढगी."

"लिफ्टनं?"

"न्हाई, जिन्यानं," अण्णा गंभीरपणे सांगायचे. आम्ही हसायचो.

डिसेंबरात माधवकाकांचा फोन आला. "अरे, तुमची गाय रोज दिवस मावळताना सुटते. तुमच्या बंद दाराशी जाऊन उभी ऱ्हाते, मान वर करून. पाचेक मिनिटं. मग आपली आपण माघारी येते."

मी स्वतःची समजूत घातली. तिन्हीसांजेची सवय, दोघांनाही असणारच. पण कलकत्त्यात थंडीत पाचलाच अंधार पडतो. तुमच्याकडे सूर्य टेकतो तेव्हा इथे दिवे लागून तास होत आलेला असतो. अण्णा दार उघडत ते आमच्या तिन्हीसांजेला नाही, तुमच्या. एकदा मुद्दाम त्या वेळी फोन चालू ठेवला. माधवकाका म्हणाले, "आली बघ," आणि माझ्या पाठीमागे कडी वाजली.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, अण्णांची स्मृती जाणार, शब्द आधी जातील. मी घाबरलो. शेवेरा, वानेरा हे शब्द मला त्यांच्याकडूनच आलेले, आणि ते माझ्याकडे धड आलेच नव्हते. बँकेतल्या माणसाला एकच उपाय माहीत, कागदावर घ्या. एका रविवारी दुपारी वही घेऊन बसलो. त्यांनी ढगीचं सगळं सांगितलं. मी फॉर्म भरून घ्यावा तसा विचारत राहिलो, आणखी? आणखी काय, अण्णा? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "उजव्या कानात आतून टिकलीएवढा पांढरा डाग. कान उलटा केला तरच दिसतो."

मी लिहून घेतलं. लिहून झाल्यावर कळलं काय केलं ते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

त्या संध्याकाळी अण्णा उठले नाहीत. मीच दार उघडून पाहिलं. जिना रिकामा होता. दोन दिवसांनी माधवकाका फोनवर चाचरत म्हणाले, "गाय सुटली, पण तुमच्या दारावरून सरळ पुढं गेली. बघितलं सुदीक न्हाई. तिथं घरच नसल्यासारखी." मी वहीचं ते पान फाडलं. त्यानं काही होत नाही, तुम्हाला म्हणून सांगतो.

त्यानंतर अण्णा नीट जेवू लागले. गावाचं नाव काढेनात. बायको म्हणाली, "रुळले बाई एकदाचे."

मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी सानिकाला समोर उभं केलं आणि माझं मनगट धरलं. "रंग गव्हाळ. डाव्या भुवईत खोक. चालीला उतावळा. रागीट, पण डूख धरीत न्हाई. हाक मारली की लगीच येत न्हाई." सानिका खिदळत होती. मला काय चाललंय ते कळलं होतं, बास म्हणावंसं वाटत होतं. ते थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. एक तरी ठेवा, अण्णा.

"आई गेली तवा गोठ्यात जाऊन रडला. कुणाला ठावं न्हाई."

मलाही वाटत होतं, कुणाला ठाऊक नाही. त्यांनी माझं मनगट सानिकाच्या हातात दिलं. "सांभाळ," म्हणाले.

ते रीत विसरले होते की मुद्दाम सांगितलं, मला माहीत नाही. जूनमध्ये झोपेतच गेले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना एवढंच सांगेन, घरच्या म्हाताऱ्यांना फार खोदून विचारू नका. आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी पोटात ठेवलेलं असतं, तेवढंच घर असतं.

अस्थी घेऊन गावी आलो तो भर दुपारी, स्टँडवरून चालत. वाट सरळ होती, चालत राहिलो. मागून माधवकाकांची हाक आली. धापा टाकत त्यांनी मला गाठलं आणि दंड धरला.

"अरे, कुठं निघालास? घर मागं राहिलं."

मी वळून पाहिलं. एक दार होतं, त्याला कुलूप होतं.

"कुणाचं?" मी विचारलं.