न केलेल्या लडाख सहलीचे चार दिवस

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. फरक एवढाच, की पूर्वी यावरून मी तावातावाने भांडायचे आणि आता भांडायचा कंटाळा येतो. नात म्हणाली, "आजी, ग्रुपवर लिही ना ते." तिला तीनदा सांगून झालंय, आता तुम्हाला सांगते... आणि मग पुरे.

नऊ वर्षं झाली. मी तेव्हा चौसष्टची. ती बाई आठवली की हसू येतं – गुडघे शाबूत होते, म्हणून अक्कलही शाबूत आहे असं वाटायचं तिला! कोकणात पावसजवळ आमचं चिऱ्याचं घर. घरात मी आणि माझी थोरली नणंद, मालूवन्सं. दोघी विधवा, मुलं मुंबईला. वन्संचे यजमान फौजेत होते, तरुणपणी तीन वर्षं लडाखला. पत्रात लिहायचे – इथे झाड नाही, पाऊस नाही, नुसते बोडके डोंगर, एकदा तुला दाखवीन. दाखवायचं राहून गेलं.

एके दिवशी मीच म्हटलं, "चला वन्सं, आपण जाऊन येऊ."

"सत्तरीत? लोक काय म्हणतील गो?"

"लोक काय आपलं तिकीट काढणार आहेत?"

झालं! वही आणली. पाच दिवसांचा बेत – पहिला दिवस नुसतं पडून राहायचं, मग एक गोंपा म्हणजे तिथला बौद्ध मठ, एक रात्र तंबूत, शेवटी तासाभराचा सोपा ट्रेक. वहीवर मी लाल शाईने 'ॲडव्हेंचर' असं लिहिलं. नवे बूट सैल करायला भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालत होते, तर मासे बघायला आलेले लोक मलाच बघत उभे. वन्सं मात्र रोज संध्याकाळी वही मागून घ्यायच्या आणि पाचही दिवस वाचून काढायच्या.

आमच्याकडे लांब निघायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, आणि जिथे जायचं तिथल्या राखणदाराला, ती जागा राखणाऱ्या देवाला, सांगायचं की आमची माणसं येतायत, सांभाळ. दाजी गुरव आले. मी आगाऊपणे म्हटलं, "दाजी, दिवस नीट सांगा हं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारपासून पाच दिवस. नाहीतर तो बिचारा वाट बघत बसायचा."

दाजी हसले नाहीत. सांगितलं तसं बोलले. मागून सगळ्यांनी म्हणायचं "व्हय म्हाराजा" मीच सगळ्यात मोठ्याने म्हटलं – मस्करीत.

मग रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. त्यांनी मला एकटीला आत बोलावलं. "यांची फुप्फुसं बघता एवढ्या उंचीवर नेऊ नका. परत आणता येणार नाही." मी म्हटलं, त्यांना सांगू नका, मी बघते. घरी येऊन सांगितलं, "वन्सं, राहायची जागाच मिळत नाही, सगळं फुल्ल आहे." त्यांनी वही कपाटात ठेवली.

श्रावणातला पहिला सोमवार. बाहेर धो धो पाऊस. त्या दिवसांत आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, साडी चार दिवस वाळत नाही. सकाळी बरणी उघडली तर मीठ सुट्टं, रेतीसारखं. माजघरात टाकलेली ओली साडी चहा होईपर्यंत खडखडीत! विज्ञानबाई म्हणाल्या, वारा फिरला असेल.

मंगळवारी दोघींचे ओठ फुटले. पडवीत बारीक राखाडी धूळ – आमची माती लाल, हो! बुधवारी वन्संना स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत यायला दोनदा बसावं लागलं. गावातल्या डॉक्टरांनी घरी येऊन त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं. ब्याऐंशी. माझ्या बोटाला लावलं, तर शहाऐंशी. मशीन बिघडलं म्हणून मी छत्री घेऊन अंगणात गेले... अठ्ठ्याण्णव. आत आले, परत शहाऐंशी. तीनदा करून बघितलं. डॉक्टर मशीन आमच्याकडेच ठेवून गेले.

"वन्सं, शेजारी जाऊन झोपा. रत्नागिरीला नेते, चला."

"मला कुठे हलवू नकोस. बरं वाटतंय."

खरंच बरं दिसत होतं. ओठ निळसर, आणि चेहरा लग्नातल्यासारखा. पडवीत बसून समोर बघत राहायच्या. समोर आमची फणसाची झाडं आणि पाऊस, दुसरं काही नाही.

गुरुवारी सकाळी अठ्ठ्याहत्तर. मी घाबरून दाजींना बोलावलं. त्यांनी विचारलं, "सांगलात त्या दिवशी गेलात काय?"

"नाही."

"मग का नाही, ते सांगा. मला नको, तिकडे सांगा."

वन्सं तिथेच बसलेल्या. त्यांच्यासमोर, नारळापुढे, छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने हात जोडून सांगितलं – डॉक्टर नको म्हणाले होते. जागा मिळत होती. मी खोटं बोलले. आम्ही येणार नाही.

तासाभरात भिंती नेहमीसारख्या ओलसर झाल्या. दुपारी वन्संचं बोट चौऱ्याण्णव. मला रडू फुटलं. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "एक दिवस राहिला होता गो."

आठ दिवसांनी कुळीथ निवडताना म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गेला असतात."

"गेलेच असते."

"आणि मेला असतात, वन्सं!"

"ते माझं मी बघितलं असतं."

पुढे चार वर्षं जगल्या. घरातच गेल्या, झोपेत. मशीन, वारा, धूळ – सगळ्याची कारणं मी शोधली, एकही पुरं पडलं नाही. आता शोधतही नाही. पडवीत बसून त्या काय बघत होत्या, एवढं मात्र विचारायला हवं होतं. चार वर्षं समोर होत्या, रोज दोन वेळा एकत्र जेवलो... माझा धीरच झाला नाही.