रस्त्याचं खाचर

आई बदलापुरात, कात्रपला ताईच्या फ्लॅटमध्ये होती आणि तिला घरी यायचं होतं. तिच्या मणक्यात कॅन्सर पसरला होता. औषधांनी आता काही मागे फिरणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं, आणि आईला ते कुणी न सांगता कळलं होतं. घरी न्यायला हरकत नाही म्हणाले, फक्त गाडीत हादरे बसता कामा नयेत. हादरा बसला की तिच्या पाठीतून कळ जायची आणि ती अर्धा दिवस बोलत नसे.

आमचं घर बदलापूरच्या बाहेर, डांबरी रस्ता सोडून मैलभर आत. आजोबांच्या वेळी भावकीने बैलगाडीसाठी आपापल्या शेतांतून सोडलेली वाट, तिच्यावर पुढे मुरूम पडला आणि तिला आम्ही रस्ता म्हणू लागलो. नगरपालिकेच्या लेखी तो खाजगी रस्ता. तिथल्या साहेबांनी मला दोनदा नकाशा दाखवला. नकाशावर आमचं घर होतं, घरपट्टी होती, फक्त घरापर्यंत जायचा रस्ता कुणाचाच नव्हता. दोन वर्षं लागोपाठ जेसीबी आणून तो सारखा केला, पण जेसीबीचं बकेट एक खड्डा बुजवताना दुसरा उकरतं. रिक्षावाले डांबरावरच माणसं उतरवायचे. त्या रस्त्यावरून आईला आणणं म्हणजे तिला मारतच आणणं.

रस्ता चांगला करून द्यायला एक जण तयार होता. आमच्या मागच्या जमिनीवर इमारती उठवणाऱ्या बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला होता. रस्त्याचा हक्क लिहून द्या, महिन्याभरात काँक्रीट करतो. तोंडाशी फाटक येईल, वॉचमन बसेल, तुम्हाला पास मिळेल. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणाले. बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत होते तेव्हा गेटवर वाटलेली पत्रकं घरी आणायचे. आई ती डब्यांच्या तळाशी घालायची. बालवाडीच्या आधी मी अक्षरं ओळखायला शिकले ती डाळीच्या डब्यात वाकून, ‘कामगार बंधूंनो’ पासून. आपल्याच वाटेवरून जायला आपण पास दाखवायचा, हे माझ्या गळ्याखाली उतरणं शक्य नव्हतं, आजही नाही. मी रात्रीत पत्रक लिहिलं, ‘वाट विकायची नसते’ असं वर मोठ्या अक्षरांत, आणि झेरॉक्स काढून भावकीत वाटलं. सगळ्यांनी कागद नाकारला. मला फार बरं वाटलं.

ते पत्रक मी आईला कात्रपला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “पत्रक चांगला लिवलंस. पन त्याच्यावरशी गाडी जात नाय.”

बाबा खिडकीशी उभे होते. मला वाटतं ते त्याच दिवशी रस्ता सारखा करायचं यंत्र शोधायला लागले.

त्यांच्या कंपनीच्या शेजारी एक जुना कारखाना होता. त्याच्या आवारातले कच्चे रस्ते दर वर्षी ट्रॅक्टरमागे ओढायच्या ग्रेडरने सारखे करायचे. बाबा जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरून ते बघत बसायचे. स्वतःचं इंजिन नाही, चार लोखंडी चाकं, मधोमध पोटाखाली लांब पातं, आणि मागे एक माणूस उभा राहून दोन मोठी चाकं फिरवत पात्याची ही बाजू खाली, ती बाजू वर करायचा. साध्या लेव्हलरला ट्रॅक्टर खड्ड्यात गेला की खड्ड्यात जायचं एवढंच ठाऊक, पण ह्याचा सांगाडा लांब. पुढचं चाक खड्ड्यात उतरलं तरी मधलं पातं अर्धंच उतरतं आणि दर फेरीला रस्ता थोडा शहाणा होत जातो. बाबांनी हे मला स्कूटरवर मागे बसून कानात ओरडून सांगितलं. आम्ही उल्हासनगरला भंगारवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घालत होतो. तो कारखाना बंद पडून माल तिकडे गेला, एवढं एका म्हाताऱ्या वॉचमनने सांगितलं होतं.

पहिल्या दोन यार्डांत आम्हाला रोड रोलर दाखवले. तिसऱ्या ठिकाणी एक सिंधी म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. बाबांनी जमिनीवर काडीने चित्र काढलं. म्हातारा उठला आणि पत्र्यांच्या ढिगामागे घेऊन गेला. ग्रेडर तिथे होता, त्याच्या सांगाड्यातून पपईचं झाड वर गेलेलं, पपया धरलेल्या. पुढच्या आठवड्यात तो गॅसने कापायचा होता.

“काका, चालवणार का विकणार?” त्याने विचारलं.

बाबा म्हणाले, बायकोला घरी आणायचीय. म्हाताऱ्याने पुढे काही विचारलं नाही. लोखंडाच्या भावातच दिला, वर दोन पपया दिल्या. टेम्पोत चढवून झाल्यावर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बीच में पेट रखना, काका. रस्ता मधी फुगलेला पायजे, दोनो साइड पानी उतरना मंगता.”

घरी येताना बाबा माझ्या कानात म्हणाले, भंगारवाला आता आपल्याला जमीन शिकवणार. मी हसले. आमच्या सात पिढ्या भात लावत आल्या होत्या.

दोन आठवडे आम्ही तो गंज उतरवला. पातं फिरवणाऱ्या चाकांचे दाते डिझेलमध्ये भिजवून ठेवायचे, सकाळी हातोडीने हलकं मारायचं, पुन्हा भिजवायचं. पात्याची धार गेली होती. अंबरनाथ पूर्वेच्या एका वर्कशॉपमधून जाड पोलादी पट्टीला भोकं पाडून आणली आणि बोल्टांनी बसवली. ज्या दिवशी मागचं चाक पहिल्यांदा फिरलं, त्या आवाजाने शेजारची कुत्री पळाली.

चुलत्याचा ट्रॅक्टर घेतला. बाबा पुढे, मी मागे ग्रेडरवर. ते मागे वळून हाताने खूण करायचे, तळवा खाली म्हणजे पातं खाली. लहानपणी चिखलणी झाली की खाचरात बैलांमागे फळी फिरायची आणि वजनासाठी मला तिच्यावर बसवायचे. बाबांच्या खुणा त्याच होत्या आणि माझे हात न विचारता त्या पाळत होते. तीन दिवसांत रस्ता ताटासारखा झाला. उरलेला मुरूम दोन्ही कडांना सरळ ओळीत पडला होता. इतकं सुंदर काम मी आमच्या घरात पाहिलं नव्हतं.

शेवटी बाबांनी घरातून कळशी आणली आणि रस्त्याच्या मधोमध पाणी ओतलं. पाणी पसरलं आणि तिथेच उभं राहिलं. ना इकडे गेलं, ना तिकडे. बाबा मांड्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. “बघ,” म्हणाले, “सुतानं मापलं तरी एवढा सारखा होनार नाय.”

त्यांनी ताईला फोन लावून सांगितलं, परवा आणतो. ताई म्हणाली, पाठीच्या दुखण्यावर रेडिएशनचा शेक चालू आहे, चार दिवस थांबा. त्या चार दिवसांत पाऊस लागला तो थांबलाच नाही.

रस्ता मैलभर भरून उभा राहिला. वर पाणी धरायला सपाट तळ आम्हीच केला होता, आणि कडांचा मुरूम म्हणजे दोन्ही बाजूंचे बांध. आतला मुरूम भिजून लोण्यासारखा झाला. दुधाचा टेम्पो मधे रुतला, तो काढताना गुडघाभर चर पडले. भावकीतला एक चुलता छत्री घेऊन बघायला आला. “काय रं दादा,” बाबांना म्हणाला, “लावनी कधी करतोस?” बाबा ओटीवरून उठून आत गेले.

मी रस्त्याचा फोटो ताईला पाठवला. आईने तो बघितला आणि बऱ्याच दिवसांनी हसली, असं ताई म्हणाली. मग आईने फोन मागितला. “अंगन सारवताना मी कडेला उतार देते, तुमी दोघांनी कधी बगितला नाय का? पानी शेतान धरायचा, दारान नाय.” आणि मग, जरा थांबून, “आता कवा?”

मी म्हणाले, पाऊस संपला की लगेच.

पावसाळ्यात बिल्डरचा माणूस पुन्हा आला. आता त्याचं म्हणणं असं की सही द्या, तात्पुरती खडी तर आठ दिवसांत टाकतो, पेशंटला आणा, काँक्रीट मागाहून. ह्या वेळी बाबांच्या हातात पेन होतं. त्यांनी मला विचारलं, “काय करू?” रस्ता गेला की मागची शेतं जातील, मग पुढची, मग घर, हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्यांनी पेन परत दिलं. माणूस गेल्यावर आम्ही दोघं ओटीवर बसून समोरच्या पाण्याकडे बघत राहिलो.

आईला कुणी विचारलं नाही. मी वाट वाचवण्यावर तीन पत्रकं लिहिली. ज्या बाईला त्या वाटेने घरी यायचं होतं, तिचं मत तिन्हींत नाही.

दसऱ्यानंतर जमीन धरायला लागली तसं बाबांनी पुन्हा ग्रेडर जोडला. ह्या वेळी पातं तिरकं लावलं. कडेने निघायचं, मुरूम ओढत मधे आणायचा, मग दुसऱ्या कडेने तसंच. एक बाजू खाली, एक वर. बाबांच्या हाताला ते जमत नव्हतं. त्यांचा तळवा सारखा सपाट व्हायचा, मग आठवण होऊन ते तो तिरका करायचे. रस्त्याला हळूहळू पाठ आली. बाबांनी कळशी आणून मधे ओतली. पाण्याचे दोन भाग झाले आणि दोन्ही बाजूंना उतरून गेले. बाबांनी मान वळवली. आयुष्यभर बांध घालून पाणी अडवलेल्या माणसाला ते निघून जाताना बघवलं नसावं.

आईला आणलं तेव्हा ती चादरीखाली दिसतही नव्हती इतकी कमी झाली होती. अँब्युलन्समध्ये मी तिच्याजवळ बसले. कात्रपच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक उखडलेले, पाइपसाठी खणून तसेच सोडलेले चर, आणि वर गतिरोधक. सरकारचे रस्ते, सगळे नकाशात असलेले. प्रत्येक हादऱ्याला तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. तिने आवाज केला नाही. मी ड्रायव्हरला सारखी हळू, हळू म्हणत होते आणि तो म्हणाला, “ताई, ह्याच्याहून हळू म्हणजे उचलूनच न्यावं लागेल.”

मग गाडी आमच्या रस्त्याला वळली. टायरखालचा आवाज बदलला, मुरुमाचा बारीक, एकसारखा. बाबा पुढे चालत होते आणि गाडी त्यांच्यामागून येत होती. थोड्या वेळाने आईची बोटं सुटली. मी घाबरून तिच्या नाकाशी हात नेला. श्वास चालू होता.

तिला ओटीलगत दाराशी निजवलं. जाग आल्यावर बाबांनी बाजूला बसून विचारलं, रस्ता कसा वाटला.

“कंचा रस्ता?” आई म्हणाली. “माजा डोला लागला व्हता.”

बाबा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ ग्रेडरजवळ उभे राहिले.

ती तीन आठवडेही राहिली नाही. दारातून तिला ग्रेडर दिसायचा. एवढं लोखंड उन्हात नुसतं उभं का, म्हणून तिने ताईकडून त्याच्यावर चादरी वाळत घालून घेतल्या. एक दिवस मला म्हणाली, इथून तुमचा रस्ता बघते, चांगला हाय, जरा आधी केला असता. तिने ते तक्रारीने म्हटलं नाही.

ती गेली त्या दिवशी आणि पुढच्या तेरा दिवसांत त्या रस्त्यावरून जेवढ्या गाड्या आल्या तेवढ्या कधी आल्या नव्हत्या. दोन चाकोऱ्या पडल्या. बाबांनी त्या महिनाभर तशाच ठेवल्या. मग एका सकाळी त्यांनी न सांगता ट्रॅक्टर आणला आणि मी जाऊन मागे उभी राहिले.

अर्ध्या रस्त्यात ट्रॅक्टर थांबला तेव्हा मी त्यांना म्हणाले, “बाबा, मी सही करू दिली असती तर ती श्रावणात घरी आली असती.”

त्यांनी मागे वळून बघितलं. नजर माझ्यावर नव्हती. ते पात्याकडे बघत होते.

“डावी बाजू खाली घे,” म्हणाले.

मी चाक फिरवलं. जास्त फिरलं. त्यांनी तळवा वर केला, मी थोडं परत घेतलं, आणि ट्रॅक्टर पुढे निघाला.