ललिताची धुरी

हे मी कोणालेच सांगतलं नाही. आईले नाही, मी काम करते त्या संस्थेतल्या पोरींले नाही, जिच्यासोबत आता संसार करून राह्यली तिलेही नाही. तुले सांगते. काहून तुलेच — ते नको विचारू. मंचावर मी शुद्ध बोलते, 'मला', 'तुला', सगळं घासूनपुसून. इथं घरचं बोलते, कारण त्या शुद्ध भाषेत मले खोटं बोलाची सवय लागली आहे.

माहं भाषण तू ऐकलंच असशील. जिल्ह्यात कोणत्याही कॉलेजात एलजीबीटीवर कार्यक्रम असला की मलेच बोलावतात, आपल्याकडे दुसरी आहे कोण बोलणारी? मी उभी राहते अन् सांगते — दारव्ह्यात वाढले, वडील तहसीलात बाबू, घर देवाधर्माचं. मला मुली आवडतात हे घरात कळलं. मग मला एका बाबाकडे नेलं, मिरच्यांची धुरी दिली, कडूनिंबाच्या डगाळीनं मारलं. "मी आई, आई म्हणून ओरडत होते," एवढं बोलून मी थांबते. पोरी रडतात. एखादा मास्तर चष्मा काढून पुसतो. मंग टाळ्या.

आता कसं सांगू? थांब जरा. आधी ललिताचं सांगते.

ललिता बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पोट्टी, माह्याच वयाची. डी.एड. कराले दारव्ह्यात आलती. कापसाले भाव नव्हता ती वर्षं, अन् अशा वर्षात सगळ्यात आधी पोरींचं शिकणं बंद होते. तिच्या बापानं नाही केलं बंद. त्यानं माह्या वडलांचे पाय धरले अन् तिले आमच्या घरी ठेवलं. मागची खोली, दोन वेळचं जेवण, त्याच्या बदल्यात धुणी-भांडी. आई तिले लेकीसारखी म्हणे, पण तिचा पेला वेगळा होता. तेव्हा मले त्यात काही वावगं वाटलं नाही — हेही ऐकून घे.

ललिता कमी बोलायची. मी चिडली की मले 'तहसीलदारीण बाई' म्हणून चिडवायची अन् ओढणीआड हसायची. एकदा माही वेणी घालता घालता तिचा हात माह्या मानेवर थांबला. तो मी धरला. मीच. भाषणात मी 'प्रेम झालं' म्हणते — झालं-बिलं काही नाही वं, सुरुवात मी केली. ती घाबरलती. म्हणाली, "तुहं निभून जाईन, माहं नाही निभणार." मी म्हटलं, "मी आहे ना."

मी आहे ना! थू माह्या तोंडावर.

आईनं आम्हाले पाह्यलं ती दुपारची वेळ. बाजार करून लवकर आली होती. दार नुसतं लोटलेलं, कडी लावाचं मलेच भान नव्हतं. आई दारात उभी, हातात भाजीची पिशवी. ओरडली नाही. माह्याकडे पाहत राह्यली — मी काहीतरी बोलावं म्हणून. मी काहीही बोलली असती ना, तर तिनं ते खरं धरलं असतं. तिले तेच पाहिजे होतं. काय बोलू शकत होती मी? 'माही चूक आहे' एवढं तरी? अवं, चूप तरी बसता आलं असतं की!

मी म्हटलं, "आई, हिले बाहेरचं लागलं आहे. हिच्या अंगात येते. ही मले ओढते अन् मंग मले काही सुधरत नाही."

हेच काहून सुचलं? कारण आईले हेच पटणार होतं. शेजारच्या सुनेचं 'बाहेरचं' काढलं तेव्हा आई पाहाले गेलती, आठवडाभर तेच बोलत होती. भाषणात मी भीतीवर लय बोलते. पण त्या घडीले मी नुसती घाबरलेली नव्हती. डोकं थंड होतं माहं. बरोबर हिशोबानं बोलली मी. ललिता बाजूलाच उभी होती. तिनं आईच्या हातातली पिशवी घेतली अन् मेथी निवडाले बसली.

त्याच आठवड्यात तिले बाहेरचं काढणाऱ्या बाबाकडे नेलं. तिचा बाप आला, तिची याडी आली — ते लोकं आईले याडी म्हणतात. माही आई मलेही घेऊन गेली, साक्षीले. बाबा अंगणात बसलेला, पुढ्यात निखाऱ्यांचं घमेलं. मी पाठ केल्यासारखं सगळं सांगतलं. त्यानं दोघींकडे पाह्यलं अन् म्हणाला, "हिच्यात नसंन तर त्या दुसरीत असंन. दोघींले धुरी देऊन पाहू."

माह्या आईचं तोंड पडलं. मी आईच्या मागं सरकली. अन् तेव्हा — तेव्हा ललितानं केस मोकळे सोडले. एकदा माह्याकडे पाह्यलं अन् घुमाले लागली.

तिच्या अंगात काही नव्हतं. मले माहीत होतं, तिलेही माहीत होतं. धुरी माह्यापर्यंत येऊ नये म्हणून ती घुमली.

मंग त्यांनी तिचं डोकं घमेल्यावर धरलं, वरून मिरच्या टाकल्या, पाठीवर कडूनिंबाची डगाळ ओढली. तोल जाऊन तिचा हात निखाऱ्यावर टेकला. ती "याडी, याडी" ओरडली. मंचावर मी त्याचं 'आई' करते, कारण याडी म्हटलं तर लोकं विचारतील, तू कुठची तांड्यावरची? हाताचं तर मी सांगतच नाही. माहा तळवा साफ आहे ना. हुशार आहे मी, बापा, लय हुशार.

तिचं डी.एड. सुटलं. मारेगावकडे कुठंतरी लग्न लावून दिलं. मी नागपूरले गेली, शिकली, माह्यासारख्या बाया भेटल्या. पहिल्याच बैठकीत सगळ्या गोल बसलेल्या — जिचं तिनं आपलं सांगायचं. एकीले भावानं कोंडलं होतं, एकीचं जबरीनं लग्न लावलं होतं. माह्याजवळ काय होतं? आईनं मले चापटही मारली नव्हती. माही पाळी आली, तोंड उघडलं अन् ललिताचं सगळं माहं म्हणून बाहेर पडलं. बायांनी मले कुशीत घेतलं. किती बरं वाटलं, काय सांगू! त्यानंतर मागं फिरता आलं नाही, असं म्हणणार होती आता. खोटं आहे. दर वेळी फिरता येत होतं. मी फिरली नाही.

मागच्या हिवाळ्यात यवतमाळले कार्यक्रम होता. भाषण झालं, पोरी फोटो काढून राह्यल्या होत्या. एक बाई पुढं आली, सोबत तिथंच शिकणारी तिची पोरगी. बाईनं माहा हात हातात घेतला. तळव्याची कातडी गोळा झालेली होती. मी मान वर केली तेव्हा चेहरा पाह्यला.

"लय सोसलं वं तू," ललिता म्हणाली.

सगळ्यांसमोर, हळूच. टोमणा होता का? टोमणे माराले तिले कधी येतच नव्हतं. मी तिले काय म्हटलं असंन? मी हात जोडले, मंचावरून जोडते तसे, अन् म्हटलं, "धन्यवाद, ताई." ती पोरीले घेऊन निघाली.

संस्थेतल्या एकीनं विचारलं, "ताई, ह्या कोण?" ललिता अजून तिथंच होती, ऐकू जाईन एवढ्या अंतरावर.

"कोण जाणे," मी म्हटलं. "भाषण ऐकून येतात अशा बाया."

ती थांबली. वळली नाही. मंग पोरीचा हात धरून पायऱ्या उतरून गेली.

पुढच्या आठवड्यात दारव्ह्यालेच भाषण होतं. दिलं. मी धुरीच्या गोष्टीपाशी आली, थांबली, "आई, आई" म्हटलं. टाळ्या पडल्या.