जागतिक शांतता आणि डब्याचं झाकण

माझ्या घरातला संगणक रोज सकाळी खोटं बोलतो. चालू केला की आधी काळा पडदा येतो, मग पांढऱ्या अक्षरांत तारीख: एक जानेवारी, आणि साल पंचवीसएक वर्षांपूर्वीचं. आतली छोटी बॅटरी केव्हाच मेली आहे. त्याखाली तो इंग्रजीत कळवतो की काहीतरी चुकलं आहे, तरीही पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. मी दाबतो. टीव्हीवरच्या बातम्या पाहून मला अनेकदा वाटतं, जगातल्या सगळ्या मोठ्या लोकांच्या टेबलावर हे एवढं एकच बटण असावं.

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची चार मजल्यांची जुनी इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. एक माझं. दुसऱ्या दारात माझा तीस वर्षांपासूनचा मित्र राहायचा. मी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात नोकरी केली, म्हणजे आलेल्या पत्रावर एक शिक्का आणि गेलेल्या पत्रावर दुसरा. तो कंपन्यांमधले संगणक दुरुस्त करायचा. माझा संगणकही त्यानेच सुटे भाग आणून जोडला. प्रिंटर मात्र त्याच्या घरात होता, कारण तो छापताना करवतीसारखा आवाज करायचा आणि माझ्या बायकोने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मित्राने मग एक लांबलचक केबल तयार केली. छापायचं असलं की दोन्ही दारं उघडी ठेवायची, केबल पायपुसण्यांखालून या घरातून त्या घरात न्यायची आणि चौथ्या मजल्यावरच्यांना ‘जरा पाय उचलून’ असं सांगायचं.

आम्ही छापायचो काय, तर जगातल्या पुढाऱ्यांना पत्रं. दोघंही निवृत्त झाल्यावर हा उद्योग सुरू झाला. नाश्ता झाला की तो पेपर घेऊन यायचा, एखादी बातमी वाचायचा आणि म्हणायचा, “घे लिहायला.” मग मी माझ्या कचेरीतल्या भाषेत सुरू करायचो, ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की.’ सीमेवर भिंत बांधायला निघालेल्या एका राष्ट्राध्यक्षांना आम्ही कळवलं होतं की आमच्या सोसायटीनेही मागच्या बाजूला भिंत बांधली. उंदीर होते तेवढेच आहेत, फक्त आता पाणी आमच्याकडे तुंबतं. खुर्ची न सोडणाऱ्या एका हुकूमशहाला लिहिलं होतं की आमचे चेअरमनही सतरा वर्षं बसून आहेत, तरी आपणांस हटवण्याचा उपाय निघाल्यास एक प्रत आमच्याकडे माहितीसाठी पाठवावी. प्रत्येक पत्राला मी जावक क्रमांक द्यायचो. पाठवलं एकही नाही. माझा अनुभव असा की पत्र पाठवलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की काम वाढतं.

ही पत्रं मी ज्या मराठी अक्षरांत टाइप केली, ती अक्षरं फक्त याच संगणकाला कळतात. मुलीच्या नव्या लॅपटॉपवर एक पत्र उघडून पाहिलं तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा, टक्क्यांच्या चिन्हांचा आणि कंसांचा झाला. मुलगी म्हणाली, “बाबा, हे तर अजून जास्त राजकारण्यांसारखं वाटतंय.”

आमचं भांडणही या पत्रांवरूनच झालं. दूरच्या दोन देशांत युद्ध पेटलं होतं. त्यातला एकही देश आम्हाला नकाशावर पटकन दाखवता आला नसता. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना पत्र लिहायचं ठरलं आणि आधी कुणाला, यावर गाडी अडली. मी म्हणालो, आधी मोठ्या देशाला, शिष्टाचार तसाच असतो. तो म्हणाला, आधी ज्याला मार पडतोय त्याला. मी म्हणालो, “गावच्या बांधावरच्या भांडणापलीकडे तुला काय कळतं रे?” त्याचं गाव कोकणात आहे आणि तिथल्या जमिनीवरून सख्ख्या भावाशी त्याचं बोलणं बंद आहे, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते बोललो. त्याने कप खाली ठेवला. “तू बत्तीस वर्षं साहेबांपुढे मान हलवलीस,” तो म्हणाला. “म्हणून तुला मोठा तोच बरोबर वाटतो.” चहा अर्धा ठेवून तो निघून गेला आणि जाताना त्याने आपल्या बाजूने केबल ओढून घेतली.

त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या दोन देशांत मध्ये एकदा शस्त्रसंधी झाली, तीही आम्ही पाळली नाही. आमच्या दोन दारांमधल्या मोकळ्या जागेत चपलांचा स्टँड होता. त्याच्या मधोमध बोटभर जागा मोकळी सोडून त्याने त्याच्या चपला डावीकडे सरकवल्या आणि मी माझ्या उजवीकडे. सोसायटीचे सेक्रेटरी मध्यस्थीला आले. त्यांनी आधी त्याच्याकडे उपमा खाल्ला, मग माझ्याकडे पोहे, दोन्ही बाजूंबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली आणि निघून गेले. जगाची मोठी पंचायतसुद्धा याहून वेगळं काही करते असं मला वाटत नाही. दोन्ही घरांची परराष्ट्र खाती मात्र गच्चीवर पापड वाळत घालताना रोज भेटत होती. माझी बायको आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, यांनी आमच्या युद्धाची दखलच घेतली नव्हती.

एका डब्याचा प्रश्न मात्र त्यांच्यापुढेही होता. भांडणाच्या आदल्या दिवशी वहिनींनी ओल्या नारळाच्या वड्या पाठवल्या होत्या, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर त्यांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणजे डबा द्यायचा तर काहीतरी घालून द्यायला हवा, आणि घालून दिला असता तर मी नमतं घेतलं असा अर्थ झाला असता. बायको दर सणाला विचारायची, “भरू का?” मी म्हणायचो, “इतक्यात नको.” डबा ओट्यावरच्या फळीवर बसून राहिला. पाणी प्यायला गेलो की ती कोरलेली तारीख दिसायची.

मध्ये दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला संगणकाची पूजा होते. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान, अक्षता. इतकी वर्षं पूजेला मित्र हजर असायचा आणि पूजेआधी संगणकाच्या पेटीवर पेपर अंथरायचा. तो असं का करतो हे मी कधी विचारलं नाही, मला वाटायचं सोवळं असेल. त्या वर्षी मी एकट्याने पूजा केली. मनात राग होता आणि थोडा एकटेपणाही, त्यामुळे भक्ती जरा जास्तच झाली. वरून मूठभर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला.

गेल्या फेब्रुवारीत बायको गच्चीवरून खाली आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “अहो, ते येत्या रविवारी चाललेत. ठाण्याला, घोडबंदरला, मुलाकडे. तेविसावा मजला आहे म्हणे.”

मी “बरं” म्हणालो आणि पेपर वाचत राहिलो. एकच ओळ चारदा वाचली. मग आत जाऊन संगणकासमोर बसलो. आमची जुनी पत्रं एकदा वाचावीत असं वाटलं. बटण दाबलं, तर पडदा काळाच राहिला आणि पेटीतून लांब शिट्ट्या येऊ लागल्या. टूंऽ, टूंऽ, टूंऽ. थांबेचना. मी बंद करून पुन्हा चालू केला. तेच.

भीती वाटली हे कबूल करतो. ती पत्रं दुसरीकडे कुठेच नव्हती, छापलेले कागद केव्हाच रद्दीत गेले होते. दुरुस्तीचं दुकान स्टेशनजवळ आहे, पण त्या माणसाने हा संगणक पाहिला असता तर हात जोडले असते. ज्याला तो समजतो असा एकच माणूस होता आणि तो समोरच्या दाराआड खोकी बांधत होता. त्याला हाक मारायची माझी हिंमत होईना. हिंमत नाही म्हणण्यापेक्षा, आधी मी का, हा प्रश्न होता. आधी कुणी, यावरूनच तर सगळं झालं होतं.

मग मला एक गोष्ट आठवली. या शिट्ट्यांना अर्थ असतो, त्या मोजून आतला कोणता भाग बिघडला ते सांगता येतं, हे त्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. ज्याने आयुष्यभर या शिट्ट्या ऐकल्या, त्याला त्या ऐकू येऊनही गप्प बसता येईल का? मी उठलो, घराचं दार सताड उघडलं आणि संगणक चालू केला. टूंऽ, टूंऽ. बंद. पुन्हा चालू. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. “लहान मुलासारखं काय करताय?” ती म्हणाली, पण उठून तिने पंखा बंद केला, म्हणजे आवाज नीट पोचेल.

पाचव्या वेळी समोरचं दार उघडलं. तो लुंगीवर उभा होता आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर होता.

“परत चालू करू नकोस,” तो म्हणाला. “जाळशील.”

चौदा महिन्यांनंतरचं हे पहिलं वाक्य. तो सरळ आत आला, पेटी आडवी केली आणि झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिला. मग चिमटीत धरून एकेक गोष्ट बाहेर काढायला लागला. तांदूळ. आणखी तांदूळ, कुंकवाने लाल झालेले. झेंडूची वाळलेली पाकळी. पंख्यात अडकलेलं आपट्याचं पान.

“हे काय आहे?”

“दसरा,” मी म्हणालो.

“एवढा? अरे, पुलाव लावायला घेतलेला का?” तो हसला नाही, पण त्याचे खांदे हलत होते. “मी पेपर कशाला टाकायचो? मला काय वेड लागलेलं?”

“मला वाटलं सोवळं.”

“सोवळं!” तो म्हणाला आणि मग मात्र हसला. त्याने आतली एक हिरवी पट्टी काढली आणि वहिनींना आवाज देऊन खोडरबर मागवलं. शाळेतल्या मुलाने वही खोडावी तशी त्या पट्टीची सोनेरी किनार घासली, फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. वहिनी खोडरबर द्यायला आल्या त्या बायकोजवळ जाऊन उभ्या राहिल्या. दोघींचे चेहरे एकदम निर्विकार होते.

संगणक सुरू झाला. एक जानेवारी. काहीतरी चुकलं आहे. त्याने मला न विचारता एफ-वन दाबलं.

“काढ एखादं,” तो म्हणाला. मी हाताला लागलं ते पत्र उघडलं. सीमेवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन शेजारी देशांच्या पंतप्रधानांना ते लिहिलं होतं. तो चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचायला लागला. “‘महोदय, मित्र बदलता येतात, शेजारी बदलता येत नाहीत. तरी उभय पक्षांनी बोलणी सुरू ठेवावीत, ही नम्र विनंती.’” तो थांबला. हे वाक्य आम्हाला तेव्हा फार आवडलं होतं. त्यावर दुसऱ्यांदा चहा झाला होता.

“येतात रे बदलता,” तो म्हणाला. “तेविसाव्या मजल्यावर.”

मी म्हणालो, “ते बांधाचं मी बोलायला नको होतं.”

“मी पण साहेबांचं.”

“ते खरं होतं,” मी म्हणालो. “म्हणून तर लागलं.”

त्याने सांडलेले तांदूळ एका कागदावर गोळा केले आणि पुडी करून माझ्या टेबलावर ठेवली.

रविवारी टेम्पो आला. प्रिंटर नव्या घरात आणायचा नाही, असं सुनेने सांगितलं होतं. तो दारात प्रिंटर घेऊन उभा राहिला आणि माझ्या बायकोकडे बघायला लागला. “द्या इकडे, भाऊजी,” ती म्हणाली आणि शिवणयंत्राशेजारची जागा रिकामी करून दिली. मग तिने फळीवरचा डबा काढला. आदल्या दिवशी तिने बेसनाचे लाडू केले होते. डबा गच्च भरून ती झाकण शोधायला लागली.

“झाकण कुठे गेलं? आत्ता इथे होतं.”

“सापडेल नंतर,” मी म्हणालो. “वरून ताटली ठेव. टेम्पोवाला ओरडतोय.”

डबा ताटली ठेवून, वर फडकं बांधून गेला. टेम्पो वळेपर्यंत मी खिडकीत उभा राहिलो. झाकण माझ्या सदऱ्याच्या आत होतं आणि पोटाला गार लागत होतं. डबा पूर्ण परत गेला असता तर त्यांच्याकडे आमचं आणि आमच्याकडे त्यांचं काहीच उरलं नसतं. मला ते नको होतं.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या घालून झाल्या, पाणी चोवीस तास आहे हे सांगून झालं.

“तुझ्या वहिनीसाहेबांचं झाकण तुझ्याकडे राहिलं का रे?” तो म्हणाला. “ती सगळी खोकी उपसून बसलीये.”

“बघायला लागेल,” मी म्हणालो. झाकण तेव्हा माझ्यासमोरच होतं, मॉनिटरवर.

“बघ सावकाश. घाई नाहीये. कुरियर-बिरियर करू नकोस, पोचा येतो. स्वतः घेऊन ये. आणि रिकामं झाकण आणू नकोस.” मागे टीव्हीवर कुठल्यातरी युद्धाची बातमी चालली होती. “इथे समोर दारच नाही रे. दार उघडलं की लिफ्ट.”

मी मॉनिटरवरचं झाकण उचललं.

“थांब,” मग मी म्हणालो, “सापडलं झाकण.”