पाण्याची पाळी

अलिबागला काय काय करायचं याची यादी मी महिनाभर आधीच केली होती. किल्ला, घोडागाडी, उंट, पाण्यावरची स्कूटर, शहाळं. नवरा म्हणतो, मला यादीची खोडच आहे. किराण्याची करते तशी भांडणाचीही करते. मायची यादी मात्र एका ओळीची होती. "मी समुद्रमा पाय टाकसू, बस."

माय नरडाण्याजवळच्या खेड्यातली. वय सत्तरीपुढे, आणि विहिरीवरून दोन-दोन हंडे वाहून गुडघे पार गेलेले. तिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

सकाळी किनाऱ्यावर उतरलो आणि बघते तर समुद्र जागेवर नाही! ओहोटी. किल्ल्यापर्यंत नुसती ओली वाळू, आणि लोक आरामात चालत निघालेले.

"समुद्र कोठे शे वं बाई?" मायने विचारलं.

मला रडूच आलं. यादीत सगळं होतं, भरती-ओहोटी नव्हती. आमची तापी बिचारी सकाळी उठून कुठे जात नाही! बरं, तीनला निघणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची धुळ्यात ड्यूटी. पाण्यापर्यंत चालणं किंवा घोडागाडीत चढणं मायच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं. नवरा म्हणाला, "मामी, मी उचलून नेतो."

"जावाईना खांदावर? गावले काय तोंड दखाडू?"

आमची तारांबळ पाहून भेळवाल्या बाईने खुर्ची दिली. म्हणाली, "दुपारी भरती येईल, काळजी नको."

मायचा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे पानीनी पाळी शे! मंग रडस काबरं?"

गावात नळ आठ दिवसांनी, शेतातली लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. पाळीची वाट बघण्यात मायचा हात कोणी धरणार नाही. तिने खुर्ची पन्नास पावलं पुढे न्यायला लावली, वहाणा काढून मांडीवर घेतल्या आणि म्हणाली, "जा, तुम्ही बठ्ठं फिरी या."

सगळं फिरलो. किल्ला पाहिला, घोडागाडीत बसलो. उंटावर मी एकटीच चढले आणि तो खाली बसताना अशी किंचाळले की उंटवाल्याने कानांवर हात ठेवले. मजा येत होती, पण अर्धा जीव त्या खुर्चीत अडकलेला.

तीन वाजले तेव्हा पाणी मायपासून वीसेक पावलांवर होतं. नवऱ्याने घड्याळ पाहिलं.

"ते खिशात ठेवा, नाहीतर समुद्रात टाकीन," मी म्हणाले. तो मुकाट्याने शहाळी आणायला गेला.

आम्ही तिघं शहाळी पीत बसलो. एक लाट चार बोटांवर येऊन परत गेली. मायने लुगडं घोट्याच्या वर धरलं. पुढची लाट आली आणि तिचे दोन्ही पाय बुडवून खुर्चीखालून मागे निघून गेली. मला वाटलं, माय हसेल. तर तिचे डोळे भरून आलेले.

"जल्मभर मी पानीकडे गऊ," ती म्हणाली. "आज पानी मनाकडे उनं."

तिच्याकडे आलेल्या त्या पाण्यात मीही पाय सोडले. बऱ्याच वेळाने नवऱ्याने भीतभीत विचारलं, "मामी, निघायचं का?"

माय खुर्चीत आणखी सैलावून बसली.

"बसा. मनी पाळी आजून सरेल नही."