मौनाच्या गुरुवारी ऐकलेला सॅक्सोफोन

आज देवांची उपकरणी चिंचेने घासताना उजळलेल्या पितळेवर ऊन पडले आणि तशाच पिवळ्या झळाळीचा एक सॅक्सोफोन डोळ्यांपुढे उभा राहिला.

पंधरा वर्षांपूर्वी चिंचवडच्या नाट्यगृहात ऐकलेला. तो गुरुवार होता, आणि गुरुवारचे माझे मौन बावीस वर्षे अखंड चालले होते. चिरंजीवांनी कंपनीतून जॅझच्या मैफलीचे पास आणले, म्हणून मी सपत्नीक गेलो. मंचावर सत्तरी ओलांडलेले एक सॅक्सोफोनवादक, आणि साथीला संबळ, पखवाज व कारखान्यातील लोखंडी नळ्यांपासून घडवलेले एक वाद्य! जॅझ म्हणजे गोंगाट, अशी माझी समजूत होती.

शेजारी महाळुंग्याच्या कारखान्यातील एक गृहस्थ बसले होते. "आवडतंय का, बाबा?" त्यांनी दोनदा विचारले. मी नुसते हात जोडले.

"बोलता येत न्हाई वाटतं ह्यांना," ते हळूच माझ्या पत्नीस म्हणाले. तिने पदरात हसू लपवले.

मग त्या वृद्ध वादकाने एक स्वर असा लांबवला, की शंखनाद विरताना गाभाऱ्यात दाटते तशी शांतता सभागृहात दाटली. संबळ हलकेच तीत मिसळला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेले, "अहाहा! धन्य!"

शेजारी ताडकन उठले. "अहो मावशी, बाबांना वाचा फुटली की!"

आसपासच्या रांगा खळखळून हसल्या. मंचावरून वादकांनीही मान लववली.

व्रतभंगाचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी मी निरंकार उपवास केला. आज मात्र वाटते, तो दिवस उपवासाचा नव्हताच. पुरणाचा नैवेद्य दाखवण्याचा होता.