तरवडाची फुलं

लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हा आमच्या घरची भाजीपाल्याची वाडी होती. वाडी पुरुषांची, अंगण सासूचं. तिथं एक काडी पडलेली तिला खपायची नाही. त्याच अंगणाच्या कोपऱ्यात माझ्या थोरल्या जावेनं मोर्शीकडच्या माहेराहून आणलेलं तरवडाचं बी लावलं.

"कातडं कमावायचं झाड ते," सासू म्हणाली. "वावराच्या धुऱ्यावर उगवते. आंगनात काहून आणलं?"

"कोहळ्याले फूल येते अन् गळून जाते, आत्याबाई. मधमाशी फिरकत नाई. याच्यावर माशा, भुंगे येतात. अन् हे पाणी मांगत नाई."

थोरले दीर म्हणाले, "राहू दे, माय." म्हणून ते राहिलं.

पुढच्या वर्षी पावसानं दडी मारली. विहिरीत गाळ उरला, वांगी करपली. तरवड मात्र पिवळाधमक फुलला. भुंग्यांची घूंघूं चुलीपाशी ऐकू यायची. जगवलेल्या दोन-चार वेलांना कोहळी धरली. बोट दाखवलं की कोवळं फळ सडतं, म्हणून जाऊ मला ती हनुवटीनं दाखवायची.

मग मानमोडीचा ताप आला. गल्लीत रोज कुणीतरी जायचं. दीर एका दुपारी वाडीतून आले, ओट्यावर निजले, ते पुन्हा उठलेच नाहीत. तिरडी बांधली, पण फुलं कुठली आणणार? फुलं विकणाऱ्यांच्या घरीच माणसं पडलेली. सासू उठली आणि तरवड ओरबाडू लागली. ओंजळी भरभरून तिनं लेकाच्या अंगावर फुलं टाकली. त्यांच्यामागून भुंगेही आले, प्रेतावर फिरत राहिले. कुणी हाकलले नाहीत.

जाऊ भिंतीला टेकून होती. "फुलं घ्या," एवढंच बोलली. "झाड ठेवा."

तेरवी झाल्यावर सासूनंच जावेच्या भावाला बोलावून तिला माहेरी धाडलं. गाडी वळणाआड जाते न जाते, तोच सासूनं कुदळ उचलली. "याच्याच पायानं मरण घरात आलं!" फांद्या तुटल्या, पण मूळ खोल गेलेलं, काही केल्या निघेना. ती तिथंच मातीत बसली आणि लेकाच्या नावानं पहिल्यांदा रडली.

काही दिवसांनी मोर्शीकडून माणूस आला. जाऊही त्याच तापानं गेली होती. घरात सगळेच आडवे पडलेले; त्याला पाणी द्यायला मी एकटीच उभी राहू शकत होते.

सासू आत तापात पडलेली. मधेच डोळे उघडायची.

"थोरली आली का वं?"

"येऊन राह्यल्या, आत्याबाई," मी म्हणायचे.